ओळंब्याची सावली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मलकापूरचा. आमच्याकडं कुणी पृथ्वी सपाट आहे म्हणालं तर त्याला एकदम हसू नये. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन आहे आमची. पाऊस पडून हवा धुतली गेली की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते, दक्षिणेला बुलढाण्याच्या घाटाची कड दिसते, आणि मधे सगळं तव्यासारखं. कपाशीच्या रानात उभं राहिलं की डोळे जिथवर जातात तिथवर कुठं फुगवटा नाही. लहानपणी मला तर वाटायचं, पृथ्वी गोल आहे ही बातमी दुसऱ्या कुठल्या तरी गावाची असणार.

त्यातून मी कवी. आम्हा कवी मंडळींचं पृथ्वीच्या आकाराशी कधी फारसं जमलेलं नाही. आमचा सूर्य तळ्यात बुडतो, डोंगराआड जातो, चंद्र खिडकीत येऊन बसतो. शिक्षण म्हणाल तर बी. ए., तेही मराठी घेऊन. तेव्हा खगोलशास्त्रावर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. पण घरात प्रश्न उभा राहिला म्हणजे अधिकार शोधत बसता येत नाही.

प्रश्न उभा केला माझ्या भाच्यानं. २०२४ सालच्या रमजानचे शेवटचे दिवस होते. ८ एप्रिलला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण व्हायचं होतं. इफ्तारनंतर आम्ही ओट्यावर बसलो होतो. पोरगा पदवीला आहे, हुशार आहे, पाच वक्त नमाजी आहे. मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बघत म्हणाला, "मामू, ये सब झूठ है. जमीन सपाट है. नासावाले दुनिया को बनाते." मी हसलो. तो हसला नाही. मग मला कळलं की हे थट्टेवारी नेण्याचं प्रकरण नाही. त्याचं म्हणणं दोन्ही बाजूंनी बांधलेलं होतं. एक, आपल्या डोळ्यांना सपाट दिसतं. दोन, किताबात जमीन पसरली, बिछान्यासारखी अंथरली असं म्हटलंय. म्हणजे मी गोल म्हटलं की एका दमात त्याचे डोळेही खोटे ठरवतो आणि त्याचा दीनही. असल्या वादात मामानं पडायचं तरी कसं?

मी चार दिवस त्याचे व्हिडिओ बघितले. खरं सांगायचं तर मला ते रटाळ वाटले नाहीत. या मंडळींनी एक अख्खी दुनिया रचली आहे. पृथ्वी म्हणजे एक थाळी. थाळीच्या मधोमध उत्तर ध्रुव. कडेनं बर्फाची भिंत, तोच अंटार्क्टिका. वर सुमारे पाच हजार किलोमीटर उंचीवर एक लहानसा सूर्य, पन्नासेक किलोमीटर रुंदीचा, बॅटरीच्या झोतासारखा थाळीवर गोल गोल फिरतो. झोत आला की दिवस, गेला की रात्र. चंद्रग्रहण का होतं? तर एक काळी, कधीच न दिसणारी वस्तू आकाशात फिरते आणि मधूनमधून चंद्रासमोर येते. ते ऐकलं आणि मी चमकलो. अरे, हा तर राहू! इंग्रजी बोलणारा, सुटाबुटातला राहू.

मग सूर्य मावळतो कसा, हा प्रश्न येतो. थाळीच्या वर फिरणारा दिवा कधी थाळीखाली जायचा नाही. त्यावर त्यांचं उत्तर असं की तो दूर जातो म्हणून खाली गेल्यासारखा दिसतो, रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र येतात तसा. आता रूळ आम्ही मलकापूरकरांनी भरपूर बघितले आहेत. मुंबई-नागपूर लोहमार्ग आमच्या गावावरूनच जातो. रात्री भुसावळकडं निघून गेलेल्या गाडीचा शेवटचा लाल दिवा बघत राहिलं तर तो बारीक बारीक होत जातो, शेवटी टिंब होतो. पण तो खालून अर्धा कापला जात नाही. सूर्य मात्र मावळताना तेवढाच्या तेवढा राहतो आणि भाकरी मोडावी तसा खालून कापला जातो. शिवाय हिशेब केला तर त्यांच्या थाळीवर आपल्याकडं मार्चअखेरीस दिवस मावळायच्या वेळी तो दिवा क्षितिजाच्या वर वीस अंशांवर असायला पाहिजे. हात लांब करून वीत पसरली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण वीस अंश भरतात. म्हणजे मगरिबची अजान होते तेव्हा सूर्य एक वीतभर वर टांगलेला दिसायला हवा. तो कुणाला दिसलाय?

हे सगळं मला नवं वाटत होतं. पण मग एक जुनी गोष्ट आठवली आणि आमच्याच रुळांवरून मनानं चाळीसगावला गेलो. मलकापूरहून भुसावळ, जळगाव, पाचोरा करत तिथं जाता येतं. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथं एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढं मांडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथं मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाची ही नोंद आहे. दानाचा मुहूर्त शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. इंग्रजी तारीख ९ ऑगस्ट १२०७. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. चंद्रावर सावली पडलेली असताना, ती सावली कशाची हे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या ग्रंथांसाठी दान! मला या जुळणीचं फार अप्रूप वाटतं.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ ११५० चा. त्यातल्या गोलाध्यायात त्यांनी सपाट पृथ्वीवाल्यांशी वाद घातला आहे. त्या काळी थाळीच्या मधोमध मेरू पर्वत होता, भोवती मिठाच्या, उसाच्या रसाच्या, दुधादह्याच्या समुद्रांची कडी होती, आणि सूर्य मेरूभोवती फिरत त्याच्या आड गेला की रात्र. भास्कराचार्य विचारतात, तो सोन्याचा मेरू जर आपल्या आणि सूर्याच्या मधे येतो, तर तो मेरू आपल्याला दिसत का नाही? आणि मेरू जर उत्तरेला आहे, तर वर्षातला निम्मा काळ सूर्य पूर्वेच्या दक्षिणेकडं कसा उगवतो? त्यांच्याही आधी, आठव्या शतकातल्या लल्लानं विचारलं होतं की जमीन सपाट असेल तर दूरवरची ताडासारखी उंच झाडं का दिसत नाहीत? आणि आपल्या डोळ्यांना सपाट का दिसतं, याचं उत्तरही भास्कराचार्यांनी देऊन ठेवलंय. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा तुकडा घेतला तर तो सरळच भासतो, माणूस तर त्या मानानं मुंगीएवढा. म्हणजे ते डोळ्यांना खोटं ठरवत नाहीत, डोळ्यांना किती दिसतं तेवढं सांगतात. भाच्याशी बोलताना मला याच युक्तिवादाची सर्वांत जास्त मदत झाली.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. त्यांची पृथ्वी गोल होती, पण जागच्या जागी स्थिर होती. ती फिरते हे त्यांना मान्य नव्हतं. आपल्याकडं थोरांविषयी बोलताना त्यांना आधीच सगळं ठाऊक होतं असं म्हणायची खोड आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तरीही त्यांच्यानंतर सातशे वर्षं मेरू काही हलला नाही. ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या कपाटात गोल, आणि कथाकीर्तनात सपाट. १८३० च्या दशकात भोपाळजवळ सिहोरला लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. शाळेत थेट युरोपचं खगोल शिकवण्यापेक्षा या देशाचेच सिद्धांतग्रंथ आधी शिकवावेत, असं त्याचं मत. त्याच्याजवळ सुबाजी बापू नावाचे मराठी शास्त्री होते. त्यांनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिलं. पुराणांची पृथ्वी, सिद्धांतांची पृथ्वी आणि कोपर्निकसची पृथ्वी अशा तिन्ही त्यात शेजारी शेजारी मांडून दाखवल्या. मोठा गदारोळ झाला. पुराणात आणि ज्योतिषात विरोध नाहीच, असं सिद्ध करायला यज्ञेश्वरशास्त्री नावाच्या विद्वानांनी ग्रंथ लिहिला आणि सुबाजी बापूंनी त्याला उत्तर दिलं. एका शास्त्र्यानं दुसऱ्या शास्त्र्याशी आपल्याच ग्रंथांच्या आधारानं भांडावं, हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेरच्यानं येऊन तुमचं सगळं चूक म्हटलं की माणूस दार लावून घेतो.

माझ्या भाच्याचंही दार तसंच बंद होतं. म्हणून मी त्याला आमच्याच घरातली माणसं सांगितली. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा मामूननं वाळवंटात माणसं पाठवून एका अंशाचं अंतर मोजून घेतलं, ते कशासाठी? पृथ्वीचा घेर काढण्यासाठी. थाळीला अंश कशाचे? अल बिरूनी हिंदुस्थानात आला, पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकतं ते मोजून त्यानं पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याच अल बिरूनीनं १०३० च्या सुमारास ब्रह्मगुप्ताला चांगलंच सुनावलं आहे. गणित करताना सावलीचं करतोस आणि लोकांसमोर राहूचं समर्थन करतोस, हे काय? इमाम गझाली तर थेट म्हणतात की ग्रहणाचं गणित नाकारणं म्हणजे दीनची सेवा, असं ज्याला वाटतं तो दीनचंच नुकसान करतो. आणि सर्वांत आधीची गोष्ट सन ६३२ ची. पैगंबर साहेबांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा दुःखी झाला. पैगंबर साहेबांनी स्वतःच्या दुःखाच्या त्या घडीलाही ते मान्य केलं नाही. सूर्यचंद्राला कुणाच्या जन्ममृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, असं त्यांनी समजावलं. मुलगा गेलेल्या बापाला ते मान्य करणं किती सोपं होतं!

भाचा ऐकत होता. पण म्हणाला, "मामू, ते तुमचे मोठे लोक. मोहल्ल्यातले बुजुर्ग काय म्हणायचे?"

इथं मला आमचे हाफिजसाहेब सांगावे लागले. १९८० च्या आसपास मी त्यांच्याकडं कुराण पढायला जायचो. त्यांच्या मते जमीन सपाटच होती. शाळेत गुरुजींनी गोल शिकवल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फिर नीचेवाले गिरते क्यों नहीं?" मला उत्तर येईना. पुढं रमजान आला. मशिदीत वेळापत्रक लागलं. त्यात खाली बारीक अक्षरात दुसऱ्या गावांसाठी किती मिनिटं मिळवायची, किती वजा करायची ते छापलेलं असतं. नागपूरला रोजा आमच्या बारा मिनिटं आधी सुटतो, मुंबईला तेरा मिनिटं नंतर. मी रबरी चेंडूला आगपेटीच्या तीन काड्या टोचल्या, नागपूर, मलकापूर, मुंबई, आणि कंदिलासमोर चेंडू फिरवून दाखवला. आधी नागपूरची काडी अंधारात गेली, मग आमची, मग मुंबईची. हाफिजसाहेबांनी तो चेंडू स्वतःच्या हातात घेऊन चार-पाच वेळा फिरवला. मग म्हणाले, "मुझे जँचता नहीं बेटा. मगर तेरा हिसाब ठीक है." त्या वर्षापासून वेळापत्रकातली मिनिटं मिळवायचं, वजा करायचं काम माझ्याकडं आलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर माझा तो पुरावा अपुरा होता. फिरत्या दिव्याची थाळी घेतली तरी नागपूरला आधी संध्याकाळ होईल. भाच्यानं ते तिथल्या तिथं दाखवून दिलं आणि मला त्याचा अभिमानच वाटला. ग्रहणाचंही तसंच. ग्रहणं साधारण अठरा वर्षं अकरा दिवसांच्या फेऱ्यानं परत येतात. पृथ्वीचा आकार माहीत नसतानाही बाबिलोनच्या लोकांना त्यांचं भाकीत करता यायचं. तेव्हा ग्रहण अचूक सांगितलं म्हणजे गोल सिद्ध झालं, असं नव्हे. अमेरिकेतल्या कुठल्या गावात किती सेकंद अंधार पडेल, हे मात्र फेऱ्यावरून निघत नाही. त्याला गोलच लागतो. पण अमेरिकेचं आम्ही मलकापुरात कसं तपासणार? थाळी आणि गोल यांच्या उत्तरात फरक पडेल आणि तो आपल्या गच्चीवर मोजता येईल, असं काहीतरी हवं होतं.

ते शोधताना मला वाद जिंकण्याचा धोकाही दिसत होता. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा मोठा निसर्गशास्त्रज्ञ, उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनबरोबरच मांडणारा. १८७० मध्ये त्यानं जॉन हॅम्डन नावाच्या सपाटवाद्याशी पाचशे पौंडांची पैज लावली. इंग्लंडमधल्या एका सरळ कालव्यावर सहा मैलांच्या टप्प्यात खुणा लावून त्यानं पाण्याचा फुगवटा दाखवला. पंचांनी वॉलेसच्या बाजूनं निकाल दिला. पुढची कितीतरी वर्षं हॅम्डन त्याला शिवीगाळ करणारी पत्रं लिहीत राहिला, त्याच्या बायकोलाही धमक्या दिल्या, त्यापायी तुरुंगातही गेला. कोर्टात पैज बेकायदा ठरली आणि पैसेही परत करावे लागले. पैज लावल्याचा वॉलेसला आयुष्यभर पस्तावा झाला. मला भाच्याशी पैज लावायची नव्हती. माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो.

उत्तर मिळालं ते किबल्यात. नमाजसाठी मक्केकडं तोंड करायचं. मलकापूरचा अक्षांश २०.९, मक्केचा २१.४. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच आडव्या रेघेवर. भिंतीवरचा नकाशा बघितला तर मक्का बरोबर पश्चिमेला, फार तर एक अंश उत्तरेकडं. आमचे बुजुर्ग म्हणायचेच, हिंदुस्थानचा किबला मगरिब. शरियतच्या दृष्टीनं तेवढी दिशा पुरेशी आहे, त्यावरून कुणी भांडू नये. पण गोलावर दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट नकाशावरच्या रेघेसारखी नसते, ती उत्तरेकडं वाकते. गोलाच्या गणितानं मलकापूरहून मक्का पश्चिमेच्या साडेसात अंश उत्तरेला येते. आणि सपाटवाल्यांच्या थाळीवर? आम्ही ड्रॉइंगच्या कागदावर मधे ध्रुव मांडून दोन्ही गावं मोजून बसवली. रेघ मारली तर उत्तरेकडं एकोणीस अंश. तीन नकाशे, तीन किबले.

आता निवाडा कुणी करायचा? सूर्यानं. दरवर्षी २७-२८ मे आणि १५-१६ जुलै या दिवसांत मक्केच्या दुपारी सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसेल तिथून सूर्याकडं तोंड म्हणजे काब्याकडं तोंड. तेराव्या शतकात नसिरुद्दीन तूसी यांनी ही रीत लिहून ठेवली आहे. मे महिन्यातली ती वेळ आपल्या घड्याळानं दुपारी २ वाजून ४८ मिनिटं.

२७ मे २०२४, सोमवार. नवतपा सुरू होता. गच्चीवर पाय ठेववत नव्हता. आम्ही शेजारच्या मिस्त्रीकडून ओळंबा मागून आणला. बांबूच्या तिकाटण्याला तो असा टांगला की दोरीची गाठ फरशीपासून बरोबर तीन फुटांवर राहील. आदल्या दिवशीच पूर्व-पश्चिम काढून ठेवली होती. त्याची रीत अशी की उभ्या काठीभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरताना एक खूण करायची, दुपारनंतर बाहेर पडताना दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. आमची पहिली खूण दहा वाजून गेल्यावर झाली आणि दुसरी साडेतीनच्या सुमारास. आपल्या जुन्या ज्योतिषांचा हा शंकू. अरबी ज्योतिषी यालाच दायरा-ए-हिंदिया, म्हणजे हिंदी वर्तुळ म्हणत. हे नाव ऐकून भाचा पहिल्यांदा खुलून हसला.

दोन अठ्ठेचाळीसला त्यानं गाठीच्या सावलीवर चुन्याची खूण केली. ओळंब्याच्या टोकापासून अंतर मोजलं. गोलाच्या गणितानं मक्का इथून चौतीस अंशांवर, म्हणजे सावली दोन फूट पडायला हवी. थाळीवर, पाच हजार किलोमीटर उंचीच्या दिव्याची सावली जवळजवळ तीन फूट. टेपवर दोन फूट पाव इंच आलं. भाचा टेप सोडायला तयार नव्हता. मग म्हणाला, "वो लोग बोलेंगे सूरज थोडा और ऊपर है."

"ठेव वर," मी म्हणालो. "सावली दोन फूट येईपर्यंत वर ने. पण दिशेचं काय?"

मग आम्ही दोरी ताणून सूर्याची रेघ दहा फुटांपर्यंत नेली. पश्चिमेच्या रेघेपासून ती तिथं किती सरकते ते मोजायचं होतं. भिंतीवरच्या नकाशाप्रमाणं दोन इंच, गोलाप्रमाणं सोळा इंच, थाळीप्रमाणं तीन फूट पाच इंच. पंधरा भरले. दिवा कितीही उंच नेला तरी थाळीवरची त्याची दिशा काही बदलत नाही. भाच्यानं दोरी गुंडाळली, ओळंबा पुसला आणि खाली गेला. जिन्यावरून जाताना काही बोलला नाही.

मीही विचारलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात काही सपाटवाद्यांना अंटार्क्टिकावर नेऊन चोवीस तास न मावळणारा सूर्य दाखवण्यात आला. त्यांच्यातल्या एका नामांकितानं आपण या बाबतीत चुकलो, असं जाहीरपणे कबूल केलं, तर त्याच्या जुन्या साथीदारांनी ते चित्रणच बनावट ठरवलं. माणसाचं मत म्हणजे नुसतं मत नसतं. त्याच्याभोवती दोस्त असतात, रात्री-रात्रीच्या गप्पा असतात, आपल्याला काहीतरी कळलंय जे इतरांना कळलेलं नाही, याचा आनंद असतो. एका दुपारच्या उन्हात ते सगळं सोडून दे म्हणणं फार झालं.

जूनमध्ये पाऊस आला. गच्चीवरची चुन्याची रेघ धुऊन गेली. १५ जुलैला दुपारी अडीचच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. आभाळ गच्च भरलेलं होतं, नळगंगेच्या बाजूनं गार वारा येत होता, सूर्य दिसायची काही आशा नव्हती. मी वर जाऊन बघितलं. भाच्यानं तिकाटणं उभं केलं होतं, ओळंबा टांगला होता, आणि दोन सत्तावन्नची वाट बघत तो टाकीच्या आडोशाला बसला होता. मी छत्री घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो.